तेलाचा काटा काय सांगतो?

उसाच्या तोडीचे दिवस होते. कळंबच्या एका मळ्यात उजाडायच्या आधीच गडबड सुरू व्हायची.

या घरी एक जुनी डिझेल जीप आहे. पहाटे ती दुधाचे कॅन डेअरीवर नेते. दिवसा खताच्या गोण्या आणते. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले, तर हीच जीप इंदापूरला नाहीतर बारामतीला धावते. घरची माणसे म्हणतात, "जीप म्हणजे आमची बैलजोडीच हाय."

जीप नातू चालवतो. एके दिवशी तो भवानीनगरहून परत येत होता. सहज त्याची नजर समोरच्या मीटरकडे गेली. ऑइलच्या दाबाचा काटा रोज ४० च्या आसपास असे. आज तो १५ वर होता. मळ्यात येऊन त्याने गाडी उभी केली. इंजिन हळू फिरू लागले, तसा काटा ५ वर आला.

नातवाने आजोबांना सांगितले. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा हसले. म्हणाले, "काटा जुना झालाय. त्याचं काय ऐकायचं? गाडी पळतीया न्हवं?"

शेजारी म्हणाला, "जाड ऑइल टाका. काटा वर जातोय का न्हाई बघा."

तिसरा म्हणाला, "इंजनाचं काम निघालं. खोलायलाच पायजे."

तीन माणसे आणि तीन सल्ले. पहिला सल्ला ऐकला, तर इंजिन जाईल. दुसरा ऐकला, तर रोग झाकला जाईल. तिसरा ऐकला, तर गरज नसताना पैसे जातील. मग करावे काय? नातू गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेला. मिस्त्री म्हणाले, "आधी गाडी बंद ठेवा. मी येतो. वही आणि पेन्सिल काढून ठेवा."

वही-पेन्सिल कशाला, ते पुढे कळेल.

१. इंजिनात ऑइल कशासाठी?

इंजिनाच्या आत एक जाड, वाकणे-वाकणे असलेला दांडा असतो. त्याला क्रँक म्हणतात. पिस्टन वर-खाली होतात आणि क्रँक गोल फिरतो. गाडी जोरात चालली, की तो मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो.

क्रँक जिथे टेकतो, तिथे बेअरिंगच्या पातळ वाट्या बसवलेल्या असतात. क्रँक आणि वाटी यांच्यामध्ये फट असते. ही फट किती? साधारण डोक्याच्या एका केसाएवढी. त्या फटीत ऑइल भरलेले असते. त्यामुळे इंजिन चालू असताना धातूला धातू लागत नाही. क्रँक ऑइलवर तरंगत फिरतो. हेच ऑइल आतली उष्णता वाहून नेते. आतला कचराही ते धुऊन आणते.

बैलगाडीच्या आखाला आपण वंगण घालतो. वंगण संपले, की चाक कुरकुरते. पण बैलगाडीचे चाक हळू फिरते. घर येईपर्यंत ते दम धरते. इंजिन असा दम धरत नाही. ऑइल तुटले, की थोड्याच वेळात बेअरिंग तापते, खरवडते आणि क्रँकला चिकटते. इंजिन जाम होते. मग उसाच्या बिलातला मोठा वाटा त्या दुरुस्तीत जातो.

२. दाब कुठून येतो?

इंजिनाच्या तळाशी एक भांडे असते. त्याला चेंबर म्हणतात. ऑइल तिथे साठते. पंप ते जाळीतून ओढतो आणि पुढे ढकलतो. ऑइल फिल्टरमधून गाळून निघते. मग मुख्य वाटेने क्रँकच्या बेअरिंगांना जाते. शेवटी ते वरच्या रॉकरपर्यंत पोचते. काम झाले, की ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते.

हे समजणे आपल्याला अवघड नाही. आपल्या भागात नीरा डावा कालवा आहे. कालव्याचे पाणी फाट्याला जाते. फाट्याचे चारीला आणि चारीचे शेताला जाते. वरच्या अंगाला चारी फुटली, तर टेलच्या शेताला पाणी पोचत नाही. मुळात पाणीच कमी सुटले, तरी पोचत नाही. इंजिनातही तसेच होते.

आता दाबाचे पाहू. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. पाणी अडते आणि नळी ताठ होते. अंगठा ढिला करा. नळी लगेच मऊ पडते. इंजिनात बेअरिंगच्या बारीक फटी अंगठ्याचे काम करतात. पंप ऑइल ढकलतो. फटी ते अडवतात. म्हणून दाब येतो.

फट झिजून मोठी झाली, की अंगठा ढिला झाला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. फट दुप्पट झाली, तर ऑइल दुप्पट सुटत नाही. ते जवळजवळ आठपट सुटते! म्हणून थोडी झीजसुद्धा काट्यावर दिसते.

धरणाला सांडवा असतो. जादा पाणी त्यातून जाते. तसाच इंजिनात एक व्हॉल्व्ह असतो. त्याला स्प्रिंग असते. दाब फार वाढला, की तो उघडतो आणि जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. हा सांडवा उघडाच अडकला, तर दाब कधी चढतच नाही.

म्हणजे काटा खाली येण्याची कारणे चार प्रकारची:

ऑइल कमी पोचते.
ऑइल पातळ झाले आहे.
ऑइल वाटेत फार सुटते.
नाहीतर काटाच खोटे बोलतो.

३. आकडा वाचताना

बऱ्याच जुन्या मीटरवर आकडे पौंडांत असतात. एका चौरस इंचावर इतके पौंड, असा त्याचा अर्थ. काही मीटरवर ते किलोत असतात. एक किलो म्हणजे सुमारे १४ पौंड. म्हणून किलोच्या मीटरवर काटा ३ वर असेल, तर घाबरू नका. तो ४० पौंडांच्या वर आहे. पौंडांच्या मीटरवर मात्र ३ म्हणजे धोका. नुसता आकडा वाचू नका. तो कशाचा आकडा आहे, तेही वाचा.

किती दाब असावा? मिस्त्री लोकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. गरम इंजिनाला मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांमागे १० पौंड दाब असावा. हा झाला अंदाज. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिच्या पुस्तकात छापलेला असतो.

काही गाड्यांना काटा नसतो, लाल दिवा असतो. चावी फिरवली, की दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू झाले, की तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल किंवा तार तुटली असेल. मुका राखणदार काय कामाचा?

४. पहिला नियम: इंजिन बंद करा

चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर आला किंवा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्या. इंजिन लगेच बंद करा. "एवढा रस्ता संपवू, मग बघू," असे म्हणू नका. त्या एवढ्या रस्त्यातच इंजिन जाते. गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून ओढत आणा. ओढण्याचा खर्च नव्या क्रँकपेक्षा फार कमी असतो.

५. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर

मिस्त्री मळ्यात आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. एक फडके मागितले.

पहिली तपासणी: पट्टी. गाडी सपाट जागी असावी. इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली असावीत. ऑइलची पट्टी काढा. फडक्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर पंप मधून मधून हवा ओढतो. वळणावर किंवा चढावर काटा हलतो.

मिस्त्रींनी पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते.

आबा म्हणाले, "बघा! आमची गाडी ऑइल पीत न्हाई. उलट वाढतंय."

मिस्त्री म्हणाले, "आबा, गाय दूध देती. इंजन काय ऑइल देत न्हाई. वाढलं तर कुठनं वाढलं?"

दुसरी तपासणी: बोट आणि नाक. मिस्त्रींनी पट्टीचे ऑइल बोटाला लावले. दोन बोटांत चोळले. ऑइल पाण्यासारखे पातळ लागले. त्यांनी पट्टी आबांच्या नाकाजवळ धरली.

"आवं, ह्यो तर डिझेलचा वास!" आबा म्हणाले.

मिस्त्रींनी टीपकागदावर एक थेंब टाकला. मधे काळा डाग राहिला. त्याच्या भोवती पातळ, तेलकट कडे दूरवर पसरत गेले. चेंबरमध्ये डिझेल उतरत होते. डिझेलने ऑइल पातळ झाले होते. पातळ ऑइल फटीतून भराभर सुटते. म्हणून काटा खाली आला होता.

यात दुसराही धोका असतो. चेंबर फार भरले, तर डिझेल इंजिन ते पातळ ऑइल ओढून घेते आणि त्यावरच पळू लागते. मग ते आवरत नाही. म्हणून ऑइल वाढले, तर आनंद मानू नका. कारण शोधा. ऑइल दुधी, ताकासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा. तेव्हाही गाडी चालवू नका.

तिसरी तपासणी: गळती. गाडीखाली डाग आहे का पाहा. फिल्टर, चेंबरचा बोल्ट आणि चेंबरचे सांधे पाहा. चेंबरला दगड लागून पोचा आला आहे का, तेही पाहा. खोल पोचा आतल्या जाळीचे तोंड दाबतो.

चौथी तपासणी: काटा खरा की खोटा? इंजिनावर ऑइलच्या दाबाचा एक छोटा स्विच असतो. त्याची तार निघाली असेल किंवा स्विच बिघडला असेल, तर काटा खोटे सांगतो. मिस्त्री तो स्विच काढतात. त्या जागी स्वतःजवळचा गेज लावतात. दोन्ही आकडे सारखे आले, तर आपला काटा खरा. ही तपासणी इंजिन खोलण्याच्या आधीच करायची असते. ऑइल पातळ झालेले असेल, तर ते बदलून मग करायची.

६. चार आकडे

मिस्त्रींनी दोष शोधला. डिझेलच्या पंपाचा आतला सील गेला होता. त्यांनी सील बदलला. जुने ऑइल काढले. नवा फिल्टर आणि पुस्तकात सांगितलेले नवे ऑइल घातले. मग आपला गेज लावून इंजिन सुरू केले. गाडीचा काटा आणि गेज यांचे आकडे जुळले. काटा जुना होता, पण खोटा नव्हता.

मग त्यांनी वही मागितली. "आबा, तुम्ही लिहा," ते म्हणाले.

आबा साठीनंतर अक्षरे शिकले होते. त्यांनी आजवर वहीत नाव आणि गाव लिहिले होते. इंजिनाचे आकडे कधी लिहिले नव्हते. त्यांनी पेन्सिल घेतली. मिस्त्री सांगत गेले आणि आबा लिहीत गेले:

थंड इंजिन, हळू: ४०
थंड इंजिन, जोरात: ५०
गरम इंजिन, हळू: १२
गरम इंजिन, जोरात: ३८

गरम म्हणजे वीस मिनिटे गाडी चालवून आल्यावर. खाली आबांनी तारीख लिहिली. गाडी किती किलोमीटर चालली, तो आकडाही लिहिला.

हे चार आकडे पुष्कळ सांगतात. कसे ते पाहा.

थंड असताना दाब चांगला, गरम झाल्यावर हळू चालीत फार कमी, आणि जोर दिला की पुन्हा वर: ऑइल पातळ आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. ऑइल नवे आणि योग्य असेल, तर झीजच समजा. इंजिनाच्या खालच्या अंगातून धप-धप असा आवाज येत असेल, तर शंकाच नको.

चारही आकडे सारखेच कमी: पंप झिजला आहे किंवा सांडव्याचा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. आधी व्हॉल्व्ह पाहा. त्याखाली एखादा कचऱ्याचा कण अडकलेला असतो. तो काढणे स्वस्त पडते.

सुरुवातीला दाब चांगला, जोरात चालवले की पडतो, थोडे थांबले की पुन्हा येतो: जाळीवर गाळ बसला आहे. गाडी चालली की गाळ जाळीला चिकटतो. थांबली की सुटतो. चेंबर काढून जाळी धुतली पाहिजे.

७. जाड ऑइलने काय होते?

शेजारी म्हणाला होता, जाड ऑइल टाका. तसे केले, तर काटा वर जातो, हे खरे. जाड ऑइल मोठ्या फटीतूनही सावकाश सुटते. पण फट बुजत नाही. ताप आलेल्या माणसाच्या अंगावर गार पाण्याची घडी ठेवली, तर अंग गार लागते. पोटातला रोग जातो का?

शिवाय थंडीच्या पहाटे जाड ऑइल सरकत नाही. टेलच्या भागांना ते उशिरा पोचते. तेवढा वेळ ते भाग कोरडे फिरतात.

ऑइलच्या डब्यावर २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतले ऑइल कसे, ते सांगतो. दुसरा आकडा गरम झाल्यावरचे सांगतो. आकडा मोठा, तर ऑइल जाड. पुस्तकात जो आकडा असेल, तोच डबा घ्या. दुकानदार देईल तो डबा न वाचता घेऊ नका.

८. वहीने काय केले?

कळंबच्या माणसाला यंत्र नवे नाही. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० नंतरच्या दशकात याच शिवारात साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. पुढे तिथे मोठमोठी यंत्रे घडली. आकाशात जाणाऱ्या रॉकेटांचे भागही तिथे घडले. याच वालचंदांनी १९४४ मध्ये मोटारी बनवणारी प्रीमियर ही कंपनी काढली. मोठ्या कारखान्यांत यंत्राच्या काट्यांचे आकडे पाळीपाळीला वहीत लिहितात. यंत्र बिघडायच्या आधी वही सांगते. मग घरच्या गाडीला वही का नको?

आबांनी वही सोडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते नातवाला गाडी फिरवून आणायला सांगत. मग समोर बसून काटा वाचत आणि आकडे लिहीत. गरम, हळू: १२. पुन्हा १२. मग ११. पावसाळ्यात १०. दिवाळीच्या आधी ८.

आबांनी पट्टी पाहिली. ऑइल खुणेत होते. वास घेतला. डिझेल नव्हते. ऑइल बदलून दोनच महिने झाले होते. इंजिनाचा आवाजही नव्हता. नातू म्हणाला, "आबा, गाडी तर चांगली पळतीया."

आबा म्हणाले, "पळू दे. वही काय म्हणतीया ते बघ. तोडी सुरू व्हायच्या आत मिस्त्रींना बोलव."

मिस्त्रींनी आपला गेज लावला. आकडा खरा होता. त्यांनी चेंबर खोलले. बेअरिंगच्या वाट्या झिजत आल्या होत्या. क्रँक मात्र अजून गुळगुळीत होता. मिस्त्रींनी तो मापून पाहिला. माप बरोबर होते. वाट्या बदलल्या आणि काम झाले. आणखी एक हंगाम तशीच पळवली असती, तर वाट्यांनी क्रँक खाल्ला असता. मग क्रँक काढून शहरात घासायला न्यावा लागला असता. घासला, की तो बारीक होतो. त्याला मग जादा जाडीच्या वाट्या घालाव्या लागतात. ऐन तोडीत गाडी दारात उभी राहिली असती.

त्या रात्री आबांनी वहीत नवा आकडा लिहिला. गरम, हळू: १६. त्याखाली त्यांनी आपली सही केली.

लक्षात ठेवा

काटा पडला, तर आधी इंजिन बंद करा.
पट्टी, वास, गळती, काटा या क्रमाने तपासा. इंजिन खोलणे सर्वांत शेवटी.
ऑइल वाढणे हेसुद्धा दुखणे आहे.
गरम ऑइलने हात भाजतो. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नका. मजबूत टेकू द्या.
जुने ऑइल विहिरीत, ओढ्यात किंवा कालव्यात ओतू नका. डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्या.

शब्दांचे अर्थ

टेल: कालव्याचे किंवा चारीचे शेवटचे टोक.
चेंबर: इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे.
सील: ऑइल किंवा डिझेल बाहेर येऊ न देणारी कडी.
टीपकागद: शाई टिपणारा कागद.

प्रश्न

१. पट्टीवर ऑइल वाढलेले पाहून आबांना आनंद का झाला? तो चूक का होता?
२. तुमच्या घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर, जीप किंवा टेम्पो आहे का? त्याच्या मीटरवरचे आकडे पौंडांचे आहेत की किलोचे? वाचून सांगा.
३. त्या गाडीचे चार आकडे वहीत लिहा. खाली तारीख आणि आपली सही करा.